"मला गाता येत नाही, आणि संगीत माझ्याकडे दिलंय"

या वेळचं पत्र सांगोल्याच्या बाजूच्या एका झेडपी शाळेतल्या सरांचं आहे. मोठं आहे, थोडक्यात देते. शाळा पहिली ते सातवी, पट १३८, शिक्षक पाच. नवीन अभ्यासक्रमात कलेला महत्त्व आलंय म्हणून हेडमास्तरांनी संगीत या सरांच्या गळ्यात घातलं. सर लिहितात, "बाई, मला गाता येत नाही. डी.एड.ला कला म्हणजे आम्ही चित्रंच काढली. संगीताचं ट्रेनिंग एक दिवस ऑनलाइन झालं, व्हिडिओ संपला, सर्टिफिकेट आलं. कपाटावर पेटी आहे पण तिचा भाता उंदरांनी खाल्लाय. मी यूट्यूबवर गाणं लावतो आणि पोरं त्याच्यामागून ओरडतात. मनातून वाटतं हे चुकतंय. वरती लिहून काही उपयोग होतो का, की गप्प जमेल तेवढं करावं?"

सर, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. दोन्ही करायचं. वर्गात गाणं सुरू करायचं आणि वरती पत्रही लिहायचं, फक्त त्या पत्रात "आम्ही आमच्या परीने भागवतोय" असं वाक्य चुकूनही लिहायचं नाही. मी ३१ वर्षं हायस्कूलात गायन शिकवलं आणि मी हे बघितलंय की एखादा हौशी शिक्षक पदरमोड करून भागवतो, स्नेहसंमेलनात गाणं छान होतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि मग त्या शाळेला गाण्याचा शिक्षक पाहिजे हे पुढची वीस वर्षं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुमची मेहनत त्या रिकाम्या जागेवरचं पांघरूण होता कामा नये.

आता "मला गाता येत नाही". हे वाक्य मी कितीतरी शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय आणि थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा खाली एक शाळाच निघते, कुणीतरी लहानपणी तसं सांगितलेलं असतं. मी पण सांगितलंय एकाला, म्हणून हे लिहितेय. जिल्ह्याच्या समूहगीत स्पर्धेच्या आधीची गोष्ट, सहावीतला एक मुलगा सारखा खालच्या एकाच स्वरात घुमायचा, त्याच्यामुळे अख्खी रांग खाली ओढली जायची, आणि मला नंबर हवा होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको." तो हलवत राहिला. आमचा दुसरा नंबर आला. बऱ्याच वर्षांनी तो एसटी स्टँडवर भेटला, बरोबर त्याची छोटी मुलगी होती, पाया पडला, चौकशी झाली, आणि बोलता बोलता म्हणाला, बाई, मी अजून गणपतीच्या आरतीला पण ओठच हलवतो. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो मुलगा बेसूर नव्हता सर. आपला आवाज वर नेता येतो हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं आणि दाखवायचं काम माझं होतं. ते मी नंतर शिकले. असं पोरगं वर्गात असलं की त्याला तुमच्या स्वरावर ओढायचं नाही, आधी तुम्ही त्याच्या स्वरावर जायचं. तो ज्या स्वरात "ऊं" करतोय तोच तुम्ही धरा, दोघांचा स्वर एक झाला की त्याच्या चेहऱ्यावर कळतं, कारण त्याच्या कानात एकदम काहीतरी भरून येतं जे आधी नव्हतं. मग तिथून ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा आवाज हळूहळू वर सरकवायचा, परत खाली आणायचा, रोज दोन मिनिटं, बाकीची पोरं पण बरोबर करतील म्हणजे त्याला एकटं पाडल्यासारखं होत नाही. बरीच पोरं दोन-तीन महिन्यांत जागेवर येतात, एखाद्याला वर्ष लागतं. याला गवई लागत नाही, धीर लागतो आणि कान लागतो. पोरं ओरडतायत हे तुम्हाला ऐकू येतं, खटकतं, म्हणजे कान शाबूत आहे.

आता पोरं ओरडतात का, ते बघू. यूट्यूबवरची बहुतेक गाणी मोठ्या माणसांनी आपापल्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला सोसेल तिथे सा धरून, गायलेली असतात. पुरुष साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या आसपास, बायका काळी चार-काळी पाचला. पहिली-दुसरीच्या पोराच्या गळ्यातून आरामात निघणारे स्वर असतात पाच-सहा, पाचवी-सहावीपर्यंत एक सप्तक आणि वर थोडंसं. गाणं त्याच्या खाली गेलं की पोरं गुरगुरतात, वर गेलं की मानेच्या शिरा ताणून किंचाळतात, आणि आपण म्हणतो काय जोशात म्हणतायत. त्यात स्पीकर मोठा लावलेला, त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय त्यांना स्वतःचंच ऐकू येत नाही. म्हणून महिनाभर यूट्यूब बंद ठेवा. आणि "हळू म्हणा" असं सांगू नका, त्याने पोरं कुजबुजायला लागतात. "शेजारच्याचा आवाज ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणा" असं सांगून बघा, लगेच फरक पडतो.

पट्टी ठरवायची सोपी रीत सांगते. परिपाठाच्या प्रार्थनेतला सगळ्यात खालचा स्वर कुठला आणि सगळ्यात वरचा कुठला ते शोधा, गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे कुणी असतील तर पाच मिनिटांत काढून देतील. खालचा स्वर मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या खाली नको आणि वरचा स्वर वरच्या पांढरी दोनच्या पुढे नको. गाणं खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, उतरत असेल तर सा पांढरी चारला धरा, सा ते वरच्या सा मध्येच फिरत असेल तर पांढरी दोन पुरते. पेटी नाही तोवर फोनवर तानपुऱ्याचं फुकटचं ॲप टाका, त्यात इंग्रजी अक्षरं दिसतात, पांढरी एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी, चार म्हणजे एफ. अजून एक, तुमचा पुरुषाचा आवाज पोरांच्या खाली एक सप्तक लागणार आणि लहान पोरं त्यामुळे गोंधळतात, तुमच्यासारखा जाड आवाज काढायला जातात. म्हणून पहिली ओळ तुम्ही म्हणू नका, सुरात असलेल्या एखाद्या मुलीला म्हणायला सांगा, बाकीचे तिच्यामागून. बघा, तुम्हाला गाता येत नाही हा प्रश्न इथंच निम्मा संपला.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला एक लांब पिरियड ठेवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं जास्त कामाला येतात. लांब पिरियड परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, माझे कित्येक गेलेत, परिपाठातली दहा मिनिटं कुणी काढून घेत नाही. दोन दिवस स्वर, दोन दिवस ताल. तालाला काही लागत नाही, आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा टाळी-चुटकीवर आला तरी चौथीपर्यंतचं पुष्कळ काम होतं. उरलेल्या दिवशी नुसतं ऐकायचं, डोळे मिटून, काय वाजतंय ते सांगायचं.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते ती इथेच सांगते. कला एकात्मिक अध्ययन म्हणून हल्ली जे चालतं त्यात बऱ्याच ठिकाणी पाढ्यांना चाल लावली की संगीत झालं असं धरतात. लावा की चाल, पाठ होतात, चांगलंच आहे. पण त्यात गाणं हे पाढ्याच्या घरी राबायला ठेवलेलं असतं. पोराला सा आणि प मधलं अंतर कानाने कळणं, आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळणं, याला स्वतःचा वेळ लागतो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला हा स्वतंत्र विषय म्हणूनच आहे आणि त्यात संगीत आहे, ते विसरू नका आणि हेडमास्तरांनाही आठवण करून द्या.

तुमच्या गावाबद्दल. तुम्ही सांगोल्याकडचे म्हणजे तुमच्या आसपास धनगरांचा गजी ढोल आहे, त्याबरोबर वाजणारी कैताळ नावाची झांज आहे, धनगरी ओव्या म्हणणारी माणसं आहेत, पलीकडे पंढरपूर आहे त्यामुळे वाडीवस्तीवर टाळ-पखवाज असणारच. आणि तुम्ही पत्रात लिहिता आमच्याकडे काही साधन नाही! तुमच्या वर्गातल्या निदान दोन-चार पोरांच्या घरी ढोल टांगलेला असेल आणि त्या पोरांना शाळेत कुणी कधी वाजव म्हटलं नसेल. त्यांना विचारा. आजीला बोलवा, जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावा, पोरांनी शब्द वहीत लिहून घ्यावेत, चाल फोनमध्ये रेकॉर्ड करावी, मग ती ओवी वर्गाने शिकावी. सहावी-सातवीला दप्तराविना दहा दिवस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांगितलेत, त्यातले दोन याला घ्या. आणि त्याच धोरणातल्या शिक्षकांवरच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की स्थानिक कलांमधल्या जाणत्या माणसांना शाळांनी किंवा शाळासमूहांनी प्रशिक्षक म्हणून घ्यावं. म्हणजे त्या ढोलवाल्या बापाला शाल-नारळ देऊन एका दिवसात वाटेला लावायचं नाही. चार-सहा वेळा बोलवा आणि मानधन मागा त्यांच्यासाठी, थोडं का असेना. फुकट बोलवायची सवय लागली की तीच पद्धत होते.

आता वरती लिहिण्याचं. कागदावर काही कमी नाहीये सर, हे आधी समजून घ्या म्हणजे पत्र कशाबद्दल लिहायचं ते कळेल. दहावीपर्यंत सगळ्यांना कला शिक्षण असावं हे २००५ च्या आराखड्यात पण होतं. २०२० च्या धोरणाने तर अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंतच काढायला सांगितली. एनसीईआरटीची कलेची नवी पुस्तकं आलीत, तिसरीला बाँसुरी, सहावीला कृति, वेबसाइटवर फुकट आहेत, उतरवून घ्या, संगीताचे पाठ आहेत त्यात. आपल्याकडे बालभारतीचं खेळू, करू, शिकू होतंच. पुस्तक आहे, आराखडा आहे, धोरण आहे. नाहीये तो माणूस, आणि जो माणूस आहे त्याला शिकवणारं कुणी नाहीये.

माणूस का नाहीये त्याचंही कारण कागदातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, सांगितलेत, पण कधी, तर त्या वर्गांमध्ये १०० च्या वर मुलं असतील तर. तुमच्या अख्ख्या शाळेचा पट १३८, त्यात सहावी-सातवी मिळून किती, चाळीस-पन्नास? म्हणजे तुमची शाळा त्या नियमात कधी बसणारच नाही, आणि आपल्या ग्रामीण भागातल्या बहुतेक लहान शाळांचं हेच आहे. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षकाचं वेगळं पद असतं, झेडपीच्या पोरांनी काय घोडं मारलंय हे मला ३१ वर्षांत कुणी सांगू शकलं नाही.

पण धोरणातच याच्यावर एक वाट आहे, ती कमी लोकांना माहीत आहे. कला, शारीरिक शिक्षण, भाषा अशा विषयांचे शिक्षक शाळासमूहासाठी नेमता येतील आणि ते शाळांमध्ये वाटून घेता येतील, असं तिथं म्हटलंय. तुमच्याकडे केंद्र आहेच की. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, दोन संगीत शिक्षक दिले तर प्रत्येक शाळेला आठवड्यातून एक दिवस तरी जाणता माणूस येईल, एरवी तुमच्यासारखे वर्गशिक्षक रोजची दहा मिनिटं चालवतील. हे दोघं मिळून संगीत शिक्षण होतं, एकट्या कुणाचं होत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून म्युझिक हब म्हणून असंच आहे, एका भागातल्या शाळांना एकत्र मदत, वाद्यं पण तिथून मिळतात. आणि शिक्षक घडवल्याशिवाय संगीत पसरत नाही हे सांगायला इंग्लंड कशाला पाहिजे, आपल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, मिरजेत गाणं शिकलेले, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा नुसते गवई नाही, पुढे शिकवणारे तयार करायला उपदेशक वर्ग चालवला. त्यांचे शिष्य देशभर जाऊन शिकवत राहिले म्हणून तर आपल्या तालुक्या-तालुक्यात गाण्याच्या परीक्षा होतात.

तर पत्र. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेला. त्यात संगीताचं जीवनातलं महत्त्व वगैरे लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे आणि वाचून बाजूला ठेवलं जातं. आकडे लिहा, पट किती, आठवड्याला संगीताला किती मिनिटं, घेणाऱ्या शिक्षकाचं संगीताचं शिक्षण काय (काहीच नाही असं स्पष्ट लिहा, लाजू नका), ट्रेनिंग किती तास आणि कसं, वाद्यं कुठली आणि कुठल्या अवस्थेत. मग केंद्रासाठी संगीत शिक्षक मागा. दुसरं, समोरासमोरचं तीन दिवसांचं शिबिर डाएटने घ्यावं हे मागा, कारण धोरणाप्रमाणे शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःचं प्रशिक्षण करायचंय, मग त्यातले काही तास गळा उघडून शिकण्यात का जाऊ नयेत, गाणं व्हिडिओ बघून येत नाही जसं पोहणं येत नाही. दिल्लीच्या सीसीआरटीकडून, म्हणजे १९७९ पासूनची केंद्र सरकारची सांस्कृतिक प्रशिक्षणाची संस्था, शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात, त्याला तुमचं नाव पाठवा असंही विचारा. तिथेच दहा ते चौदा वयाच्या मुलांना कलेसाठी शिष्यवृत्ती असते, तुमच्या त्या ढोलवाल्या घरातलं एखादं पोरगं बसेल त्यात.

पत्र एकट्याचं नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांचा ठराव जोडा, आणि शाळा विकास आराखड्यात संगीताची ओळ घाला, नुसती "सांस्कृतिक कार्यक्रम" अशी नाही, पेटी दुरुस्ती, दोन ढोलक्या, दहा जोड टाळ, असं नावानिशी. एकदा आराखड्यात आलं की पुढच्या वर्षी विचारता येतं. केंद्रातल्या बाकीच्या शाळांत तुमच्यासारखे अडकलेले अजून असतील, शिक्षण परिषदेत भेटताच, तिथं महिन्याला अर्धा तास मागून घ्या, एक पेटीवाला बोलवा आणि सगळ्या शिक्षकांनी मिळून एक गाणं शिका. बारा शाळांचं एकच पत्र गेलं तर ते एका शिक्षकाच्या तक्रारीसारखं वाचलं जात नाही. लगेच उत्तर येणार नाही, दर वर्षी आकडे नवे करून परत पाठवा. मी माझ्या नोकरीत हे पत्र सात वेळा पाठवलं. आठव्यांदा पाठवायच्या आत रिटायर झाले, आणि मला आजही वाटतं की पहिलंच पत्र बारा जणींच्या सह्यांनी जायला हवं होतं.

पैशाचं, संयुक्त शाळा अनुदानाच्या निकषात १०१ ते २५० पटाला ५० हजार आहेत. ते लाईट बिलात, खडूत, रंगरंगोटीत जातात आणि सगळे वेळेवर येतात असंही नाही, मला माहितीये. पण पेटीचा भाता काही मोठा खर्च नाही. पंढरपूरला पेटी दुरुस्त करणारे भेटतील. नेताना एक करा, पेटीत उंदीर होते म्हणजे आत घाण असणार, सुरांवर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्यांवर, धूळ बसून ते अडकले असतील, कुणी घरी उघडून पिनने खरवडलं तर सूर कायमचा बिघडतो, तेव्हा कुणाला हात लावू देऊ नका, तशीच कापडात गुंडाळून न्या. भाता बदलताना सगळे सूर वाजवून लावून द्या म्हणावं, आणि आणल्यावर कपाटावर नाही, वर्गात ठेवा, पोरांच्या हाताला लागेल अशी. पोरं भाता ओढतील, दोन पट्ट्या खिळखिळ्या होतील, होऊ देत.

सोमवारी परिपाठाला प्रार्थना पांढरी दोनला घेऊन बघा, पहिली ओळ मुलीला देऊन. आणि मागच्या रांगेत कुणी नुसते ओठ हलवत असेल, असतंच कुणीतरी, तर त्याच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि तुम्ही पण म्हणा, तुमच्या आवाजात, जसा आहे तसा. दोन महिन्यांनी मला लिहा काय झालं ते.